आरोग्य विम्याचा हिशेब (लेखांक ७) : जुनाट आजारांचा खर्च कसा मोजावा?

जुनाट आजाराचा खर्च मोजताना पहिला प्रश्न येतो तो नेमके काय मोजायचे हा. अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेचा दावा एकदा येतो, मंजूर होतो, फाइल बंद होते. मधुमेह, दमा किंवा निकामी झालेले मूत्रपिंड यांची फाइल रुग्ण हयात असेपर्यंत उघडीच राहते. म्हणून इथे दावे मोजून भागत नाही. रुग्ण आणि त्याच्या आजाराची वर्षे मोजावी लागतात.

सोलापूरजवळच्या कुंभारीचे उदाहरण घेऊ. इथल्या गोदूताई परुळेकर वसाहतीत महिला विडी कामगारांसाठी बांधलेली १०,०२० घरे २००६ मध्ये त्यांच्या ताब्यात आली. घरटी तीन प्रौढ धरले तर प्रौढांची संख्या ३०,०६० होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशात मधुमेहाचे प्रमाण ग्रामीण भागात ८.९ टक्के, तर शहरी भागात १६.४ टक्के आहे. पहिला आकडा लावला तर वसाहतीत सुमारे २,७०० मधुमेही निघतात, दुसरा लावला तर सुमारे ४,९००. कुंभारी कागदावर गाव, पण वसाहतीचे जगणे शहरी मजुरीचे. कोणते प्रमाण लावायचे, एवढ्या एका निर्णयाने अंदाज जवळपास दुप्पट होतो. म्हणून एकच आकडा न सांगता किमान आणि कमाल अशा दोन मर्यादा देणे हाच प्रामाणिक मार्ग.

यानंतर रुग्णांची टप्प्यांनुसार विभागणी करावी लागते. बहुतेकांचे गोळ्यांवर भागते. थोड्यांचे मूत्रपिंड निकामी होते, आणि खर्चाचा मोठा भाग या थोड्यांवरच पडतो. डायलिसिसच्या एका खेपेला १,५०० रुपये धरू. आठवड्याला दोन खेपा म्हणजे वर्षाला १०४, खर्च १,५६,००० रुपये. तीन खेपांना २,३४,०००. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. तेव्हा कुटुंबाचे वार्षिक संरक्षण दीड लाखाचे होते आणि विमा कंपनीला कुटुंबामागे ३३३ रुपये हप्ता मिळत असे. डायलिसिसच्या वरील दराने आठवड्याला दोन खेपांतच ती वार्षिक मर्यादा ओलांडली जाते. आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ही मर्यादा पाच लाख आहे.

एकाच बाईला मधुमेह, रक्तदाब आणि मूत्रपिंडाचा विकार असेल, तर प्रत्येक आजाराच्या खात्यात तिचा सगळा खर्च मांडला की तो तिप्पट दिसतो. त्यासाठी मधुमेही आणि बिगर-मधुमेही अशा समान वयाच्या, समान परिस्थितीतल्या स्त्रियांचा खर्च ताडून पाहतात. जो फरक उरेल तो मधुमेहाचा.

पहिल्या वर्षाच्या दाव्यांवरून पुढचा हप्ता ठरवणेही धोक्याचे. डायलिसिसमुळे रुग्ण जगतात, त्यांत दरवर्षी नव्यांची भर पडते. उपचार जितके चांगले, तितकी ही संख्या वाढते. ही वाढ गैरव्यवस्थेची खूण मानू नये; तिची तरतूद आधीच करायला हवी.

दाव्यांत न दिसणारा भाग तर फार मोठा आहे. जन आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. रोजच्या गोळ्या, तपासण्या, रिक्षाभाडे तिच्या बाहेर राहतात. विड्यांची मजुरी हजारावर मिळते, त्यामुळे दवाखान्यात गेलेल्या दिवसाची कमाई बुडते. वर्षानुवर्षे तंबाखूच्या धुळीत बसून जडलेला खोकला रुग्णालयात भरती होईपर्यंत योजनेच्या नोंदीत येतच नाही. कुटुंबाचा भार आणि योजनेचा भार हे दोन वेगळे आकडे आहेत. दोन्ही मांडावेत, पण एकाच्या जागी दुसरा वापरू नये.

तिशीपुढच्यांची रक्तदाब-मधुमेह तपासणी आणि मोफत गोळ्या यांचा खर्च प्राथमिक आरोग्य केंद्राच्या खात्यात पडतो, तर त्या वेळेवर मिळाल्याने टळलेल्या डायलिसिसची बचत विमा योजनेच्या खात्यात. रुग्णाच्या एकाच ओळख क्रमांकावर ही दोन्ही खाती जोडली जात नाहीत तोवर जुनाट आजारांच्या खर्चाचा कोणताही सरकारी अंदाज अपुराच मानावा लागेल.