'पान लागलं' की 'सर्पदंश'? रुग्णनोंदीतल्या शब्दांची पारख

साप चावला की आपल्याकडची जुनी माणसं 'पान लागलं' म्हणतात. डॉक्टर 'सर्पदंश' लिहितात. माणसाला दोन्ही कळतं. संगणकाला मात्र हे दोन वेगळे आजार वाटतात. म्हणून रुग्णाच्या नोंदीला ठरलेले संकेतांक लागतात. ते कामाचे आहेत का, हे तपासायला आम्ही तीन कसोट्या लावतो.

समजा, पोखर्णीत रात्री जमिनीवर झोपलेल्या एका शेतकऱ्याला मण्यार चावली. मण्यारीचा दंश बऱ्याचदा दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या जड होतात. चिठ्ठीत नुसतं 'पोटदुखी' लिहून त्याला परभणीला पाठवलं, तर मोलाचा वेळ पोट तपासण्यातच जातो.

पहिली कसोटी: घडलं ते नेमकं सांगता येतं का? जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० मध्ये सापाच्या विषाला एकच अंक आहे, टी ६३.०. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, सगळे त्यातच. लस चौघांवर एकच, हे खरं. पण मण्यारीच्या विषानं श्वास बंद पडतो, घोणशीच्या विषानं रक्त गोठेनासं होतं. यात आयसीडीचा दोष नाही. तिचं मूळ बर्तिलाँ यांच्या १८९३ च्या, मृत्यूची कारणं मोजण्याच्या यादीत आहे.

दुसरी: एकाच अर्थाचे शब्द एका जागी येतात का? स्नोमेड सीटीमध्ये एका संकल्पनेला एक अंक असतो आणि त्याला अनेक नावं जोडता येतात. भारत २०१४ मध्ये तिचा सदस्य झाला. पुण्याचं सी-डॅक हे काम पाहतं. केंद्राच्या २०१६ च्या मानकांत नोंदीसाठी स्नोमेड आणि वर्गवारीसाठी आयसीडी, अशी दोन्हींना जागा आहे.

तिसरी कसोटी सगळ्यात अवघड. पन्नास जुने केसपेपर घ्या, दोघांना वेगवेगळं बसवून अंक द्यायला सांगा आणि जुळवून बघा. जुळत नसेल, तर खोट यादीत आहे की केसपेपरात शब्दच कमी आहेत, ते शोधा. साप पाहिलाच नसेल, तर 'जात माहीत नाही' असंही लिहिता आलं पाहिजे. अंदाजानं 'मण्यार' लिहिली, तर ती खोटी नोंद झाली.

आणि शेवटी, न विचारलेला प्रश्न कोणतीच यादी भरून काढत नाही. 'रात्री कुठं झोपला होतात?' हे आधी आपल्यालाच विचारावं लागतं.