लांडग्याचं पाऊल कुणी उमटवलं?

(सोलापुरात, शुक्रवार पेठेत झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजच्या विषयात जंगल आहे, कॉफी आहे आणि तर्कशास्त्र आहे. काहींना वाटलं असेल, सर निवृत्तीनंतर टूरवाल्यांकडे कामाला लागले. तसं नाही. पण सुरुवात मात्र टूरच्या जाहिरातीपासूनच झाली, हे कबूल करतो.

गेल्या वर्षी मुलीनं फोनवर एक जाहिरात दाखवली. युगांडा, चार दिवस. दोन दिवस डोंगरातल्या गोरिलांचा माग काढायचा, एक दिवस कॉफीच्या मळ्यात घालवायचा. म्हणाली, "बाबा, तुम्हाला जंगलही आवडतं आणि कॉफीही." मी हो म्हणालो. पण तिकडे जायचं तर पिवळ्या तापाची लस लागते, आणि साठी उलटलेल्या माणसाला ती द्यावी का, यावर डॉक्टर दहा वेळा विचार करतात. मी तर सत्तरी ओलांडलेली. आमच्या डॉक्टरांनी मान हलवली आणि युगांडा राहिला.

मग मनात आलं, आपल्या महाराष्ट्रातही जंगल आणि कॉफी एकत्र असलेली एक जागा आहे. चिखलदरा. अमरावती जिल्हा, सातपुड्याची रांग, मेळघाट. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं. आणि महाराष्ट्रात कॉफीसाठी ओळखलं जाणारं ठिकाण म्हणजे त्याच्याच डोक्यावरचं, हजार मीटरहून उंच असलेलं चिखलदरा. म्हटलं, आपली सफारी तिथेच. 'सफारी' शब्दानं दचकू नका. तो स्वाहिली भाषेतला, प्रवास या अर्थाचा. त्याचं मूळ अरबी 'सफर'. आपली 'सफर' त्याच घरातली. मावसबहिणी आहेत दोघी.

जाण्याआधी एक गोष्ट सांगतो. वर्गात ती मी तीस वर्षं सांगितली. आठव्या शतकातले जैन आचार्य हरिभद्र यांच्या 'षड्दर्शनसमुच्चय' या ग्रंथात चार्वाकांच्या संदर्भात तिचा उल्लेख येतो आणि टीकाकार ती खुलवून सांगतात. एक नास्तिक गृहस्थ होता. त्याची बायको श्रद्धाळू. तो म्हणे, डोळ्यांना दिसतं तेवढंच खरं. ती म्हणे, एवढी विद्वान माणसं सांगतात ते काय खोटं? एका रात्री तो तिला घेऊन गावाबाहेर गेला आणि रस्त्यावरच्या धुळीत बोटांनी लांडग्याच्या पावलांचे ठसे उमटवत आला. सकाळी गर्दी जमली. विद्वान आले, वाकून बघितलं आणि निर्णय दिला: रात्री रानातून लांडगा येऊन गेला, नाहीतर हे ठसे कुठून येतील? नवरा बायकोकडे वळला. बघ, म्हणाला, तुझ्या विद्वानांचं लांडग्याचं पाऊल.

याला 'वृकपद' म्हणतात. वृक म्हणजे लांडगा. चार्वाकांचं म्हणणं असं की अनुमानावर विश्वास ठेवू नका. धूर दिसला म्हणून अग्नी आहे, ठसा दिसला म्हणून लांडगा आहे, असं म्हणाल तर फसाल.

नैयायिकांना हा आक्षेप माहीत होता. न्यायसूत्रांत तो मांडलेलाच आहे. नदीला पूर आला म्हणून वर पाऊस पडला असं म्हणता, पण पाणी तुंबूनही नदी फुगते. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या म्हणून पाऊस येणार म्हणता, पण त्यांचं वारूळ कुणी मोडलं असेल तर? मोर ओरडला म्हणता, पण माणसानं नक्कल केली असेल तर? यावर उत्तर काय दिलंय? फार व्यवहारी दिलंय. पावसानं आलेल्या पुराला ओढ असते, त्यात फेस असतो, पानं, फळं, लाकडं वाहत येतात. तुंबलेलं पाणी तसं नसतं. म्हणजे चूक अनुमानाची नाही. तुम्ही नीट बघितलं नाही, अर्ध्या खुणेवर निकाल दिला, ही चूक.

हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं. पण मंडळी, या काळात मी लांडग्याचं एक खरं पाऊल पाहिलेलं नव्हतं. आपलं नान्नज इथून जवळ. माळढोकाचं अभयारण्य, लांडग्यांचं माळरान. तिथे जाऊन कधी खाली वाकलो नव्हतो. तेव्हा ती नास्तिक गृहस्थाची बायको मला हसली असती तर योग्यच झालं असतं.

आता मेळघाट. आम्ही डिसेंबरात गेलो. परतवाड्याहून घाट चढलो, आणि दुसऱ्या दिवशी सेमाडोहकडून परवाना काढून जीपनं जंगलात. गाईड कोरकू समाजाचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आहे, संथाली-मुंडारीची नातलग. वाघाला कोरकूत 'कुला' म्हणतात.

सिपना नदीकाठी एके ठिकाणी उतरायची परवानगी होती. ओल्या वाळूत ठसा होता. चार बोटं, मागे गादी, नखं कुठे दिसत नाहीत. पुस्तकातलं आठवलं: कुत्रा, लांडगा, तरस यांची नखं उमटतात, मांजरकुळातली आत ओढलेली असतात. मी म्हणालो, "वाघ!" गाईडनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "का?"

मंडळी, तीस वर्षं मी विद्यार्थ्यांना हा प्रश्न विचारत होतो. मला तो कुणी पहिल्यांदाच विचारला.

मग त्यानं दाखवलं. ओल्या वाळूत पाऊल पसरतं, मूळ आहे त्यापेक्षा मोठं दिसतं. चार पावलं पुढे जमीन घट्ट होती, तिथला ठसा लहान निघाला. बिबट्या. मग म्हणाला, रात्री लवकर गेलाय. कशावरून? ठशाच्या कडेवरून एका किड्याची बारीक रेघ गेली होती आणि ठशात दवाच्या थेंबांची टोचणी होती. म्हणजे बिबट्या आधी, किडा नंतर, दव त्याच्याही नंतर. फेस, पानं, लाकडं! न्यायसूत्रांचं उत्तर माझ्यासमोर वाळूत लिहिलेलं होतं.

आफ्रिकेत कलाहारीतल्या सान लोकांबरोबर फिरलेले लुई लिबेनबर्ग यांनी १९९० साली एक पुस्तक लिहिलं. त्यांचा दावा असा की माग काढण्याची कला हीच विज्ञानाची सुरुवात आहे. माग काढणारे आपसांत वाद घालतात, एक जण तर्क मांडतो, दुसरा तो खोडतो. हे मी आधी वाचलं होतं. पटलं त्या वाळूत.

त्या दिवशी वाघ दिसला नाही. गेटवर दुसऱ्या जीपमधले एक गृहस्थ चिडून म्हणत होते, "वाघबिघ काही नाहीत इथे, पैसे वाया." आता हेही अनुमानच, आणि कच्चं. न दिसणं म्हणजे नसणं केव्हा? ती वस्तू असती तर नक्की दिसली असती, अशी परिस्थिती असेल तेव्हाच. टेबलावर तांब्या नाही हे बघून सांगता येतं. सागाच्या दाट जंगलात तीन तास जीप फिरवून वाघ नाही असं सांगता येत नाही.

पण उलट चूक याहून महाग पडते, ती आपल्या देशानं केली आहे. आपल्याकडे वाघांची गणना ठशांवरून होत असे. ओडिशातले वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६६ च्या सुमारास ही पद्धत बसवली. काचेवर ठसा उतरवायचा, मग कागदावर, आणि प्रत्येक वाघाचा ठसा वेगळा ओळखता येतो असं मानायचं. १९७२ साली पहिली देशव्यापी गणना अशीच झाली, १,८२७ वाघ. पुढे राजस्थानातल्या सरिस्का प्रकल्पात कागदावर वाघ होते आणि २००५ साली नीट शोध घेतला तर एकही नव्हता. शिकाऱ्यांनी संपवले होते. २००८ मध्ये रणथंबोरहून वाघ आणून तिथे पुन्हा सोडावे लागले. त्यानंतर देशभर पद्धत बदलली, कॅमेरे आले, अंगावरच्या पट्ट्यांवरून वाघ ओळखू लागले. २००२ चा जुना आकडा ३,६४२ होता. नव्या पद्धतीनं २००६ साठी आला १,४११. पद्धती वेगळ्या, म्हणून सगळा फरक मेलेल्या वाघांचा नाही. पण जे मेले ते कागदावर जिवंत राहिले, कारण ठसा बघून "आणखी कशानं झाला असेल?" हा प्रश्न नेटानं विचारला गेला नाही.

दुसऱ्या दिवशीची गोष्ट. जीप एका मोकळ्या गवताळ जागेपाशी थांबली. पलीकडे चितळं चरत होती. गाईड म्हणाला, "सर, आता तुम्ही सांगा. इथे काय होतं?" माझी परीक्षा होती. मी बघत राहिलो. आंब्याची चार झाडं होती, एका ओळीत. जंगलात आंबा ओळीनं उगवत नाही. गवतात तीन दगड, काळवंडलेले. थोडं पुढे जात्याची फुटकी तळी. मी म्हणालो, "माणसं राहत होती."

"माझा आजा," तो म्हणाला.

२००० सालानंतर मेळघाटातली काही गावं व्याघ्र प्रकल्पातून बाहेर हलवली गेली. बोरी, कोहा, कुंड ही सुरुवातीची. त्याचं गाव त्यांच्या नंतरचं. पुनर्वसनाचं बरं-वाईट मी इथे सांगणार नाही, दोन दिवसांच्या पाहुण्यानं ते सांगू नये. तो स्वतः एवढंच म्हणाला की दवाखाना जवळ आला, रस्ता जवळ आला. मग थोड्या वेळानं म्हणाला, "मुलगा अमरावतीत दुकानात कामाला आहे. त्याला ठसे कळत नाहीत."

मंडळी, जंगल राखायचं म्हणून माणसं हलवली, ते एक झालं. पण जंगल वाचणारा माणूसही त्याबरोबर पिढीनं कमी होतो. कॅमेरा पट्टे ओळखेल. कॅमेरा झाडावर कुठे बांधायचा, हे मात्र ज्याला ठसे कळतात तोच सांगतो.

आता कॉफी. तिसऱ्या दिवशी चिखलदऱ्याला एका लहान मळ्यात गेलो. झाडं पुरुषभर उंच, वर मोठ्या झाडांची सावली. कॉफीचं मूळ रान इथिओपियाच्या डोंगरात, तिथे ती सावलीतच वाढते. फळ करवंदाएवढं, पिकलं की लाल. सोललं की आत चिकट गोड गर आणि सपाट बाजू एकमेकींना लावून बसलेल्या दोन बिया. जुन्या मराठीत याला 'बुंद' म्हणत. बी वाळवली तरी तिला कॉफीचा वास नसतो, तो भाजल्यावर येतो. सांख्य म्हणतील वास बीमध्ये होताच, नैयायिक म्हणतील नव्यानं आला. दोघांनाही एकेक कप द्यावा आणि भांडू द्यावं.

तोडणी करणाऱ्या बाईंना विचारलं, एका झाडाची तोडणी किती वेळा? म्हणाल्या, तीन-चारदा, सगळी एकदम पिकत नाहीत, हिरवं तोडलं तर चव जाते. "तुम्ही कॉफी पिता?" "नाही हो, चहा."

संध्याकाळी बाजारात एका दुकानातून पाकीट घेतलं. वर वाघाचं चित्र. मी दुकानदाराला विचारलं, ही कोणत्या मळ्यातली? त्याला माहीत नव्हतं. ही मेळघाटातलीच का? "असेल की." आणि माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. पाकिटावरचा वाघ म्हणजे वृकपद! तो वाघानं उमटवलेला नाही, छापखान्यानं उमटवलाय. त्याच्यामागे जंगल असेलही, नसेलही. खूण एकच, कारणं दोन.

इथे युगांडाकडे वळतो, जिथे मी गेलो नाही. ब्विंडीच्या जंगलात डोंगरी गोरिला राहतात. २०१८ च्या गणनेत तिथे ४५९ भरले, आणि जगात सगळे मिळून हजाराच्या थोडे वर. गोरिला रोज रात्री पालापाचोळ्याचं नवं घरटं करून झोपतो. माग काढणारे कालच्या घरट्यांपासून सुरुवात करतात, घरटी मोजतात, पुढे निघतात. १९९६ मध्ये तिथल्या गोरिलांना खरूज झाली. पशुवैद्य ग्लॅडिस कलेमा-झिकुसोका यांनी शोध घेतला, तर माग गावातल्या माणसांकडे गेला, त्यांच्या कपड्यांकडे. म्हणजे गोरिला वाचवायचे तर शेजारच्या माणसांचं आरोग्य आणि कमाई बघायला हवी. त्यांनी २००३ मध्ये त्यासाठी संस्था काढली आणि पुढे जंगलाकाठच्या शेतकऱ्यांची कॉफी चढ्या भावानं घेणारा उपक्रम सुरू केला. शेतकऱ्याला कॉफीत पैसा मिळाला तर फासे लावायला जंगलात जायचं कारण कमी होतं. त्या पाकिटावरही गोरिला आहे. पण "ही कॉफी कुणाची, काय भावानं घेतली?" असं विचारलं तर उत्तर मिळतं. तो ठसा चालत गेलेल्या पावलाचा आहे.

म्हणून चार्वाकाला माझं उत्तर असं: ठशांवर अविश्वास नको. एका ठशावर थांबणं नको. मागचा बघा, पुढचा बघा, आणखी कशानं झाला असेल ते विचारा, आणि ज्याचं आयुष्य तिथे गेलंय त्याला विचारा. तुमच्या फोनवर रोज सकाळी जे येऊन पडतं, त्यालाही हेच लागू. बहुतेक वेळा रात्री कुणीतरी बोटानंच उमटवलेलं असतं.

परत आल्यावर मी नान्नजला गेलो. माळावरच्या धुळीत ठसा दिसला. चार बोटं, नखं स्पष्ट. आता मी तयार होतो. शेजारी मेंढरं घेऊन एक धनगर उभा होता. त्याला मोठ्या रुबाबात म्हणालो, "लांडगा गेलाय."

तो म्हणाला, "न्हाई मास्तर, आमचं कुत्रं हाय. बघा की, इकडं गेलंय, तिकडं वास घेतलाय, परत फिरलंय. लांडगं असं रमत न्हाई. कामाला निघाल्यावानी सरळ जातंय."

मी पुन्हा वाकलो, त्यानं दाखवलं तसं बघितलं. त्याचं बरोबर होतं.

थांबतो. प्रश्न असतील तर विचारा. आणि माझं उत्तर ऐकून लगेच मान डोलवू नका, आधी "का?" म्हणा.