किल्ली आणि ऐवज

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. ही व्यवस्था पाहणाऱ्या प्राधिकरणाचे तंत्रकेंद्र बंगळूर येथे आहे. बारा अंकी क्रमांकावरून नेमक्या एकाच माणसाची नोंद गाठावी, ही तिची मूळ कल्पना. संगणकाच्या आज्ञावलीत अशा रचनेस ‘मॅप’ म्हणतात. क्रमांक ही किल्ली. नाव, जन्मतारीख, पत्ता हा तिच्या खणातील ऐवज.

परंतु मॅप मोठा भोळा असतो. जे हाती येईल ते तो ठेवून घेतो. एवढेच नव्हे, तर तीच किल्ली पुन्हा दिल्यास पहिला ऐवज काढून टाकून नवा ठेवतो. म्हणून जाणता आज्ञावलीकार त्याच्या दाराशी तपासणी बसवितो. किल्लीची परीक्षा निराळी, ऐवजाची निराळी. दोहोंपैकी एक जरी सदोष आढळला तरी नोंद परत फिरते.

आधारच्या किल्लीचीच परीक्षा पाहा. तिचा पहिला अंक शून्य किंवा एक नसतो, आणि शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून गणिताने काढलेला असतो. डच गणिती याकोबुस फेरहूफ यांनी ही रीत १९६९ साली मांडली. लिहिताना एखादा अंक चुकला, अथवा शेजारच्या ४७ चे ७४ झाले, तर ती चूक तत्काळ उघडी पडते.

ऐवजाची परीक्षा अधिक कठीण. ३१ जून ही जन्मतारीख नाकारणे सोपे. पण एकाच माणसास दोन किल्ल्या मिळू नयेत, हे मॅप आपण होऊन पाहत नाही. त्यासाठी बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळे पूर्वीच्या नोंदींशी ताडून पाहावी लागतात.

येथे दोन पथ्ये सांभाळावयास हवीत. तपासणी बसविण्यापूर्वी आत गेलेल्या नोंदीही एकदा पारखून घ्याव्यात. आणि मागचे दार उघडे राहू नये. मूळ मॅप दुसऱ्या कोणाच्या हाती राहिला, तर पुढच्या दारावरचा पहारा व्यर्थ होय.

तथापि, या परीक्षेने नोंदीचे रूप कळते, तिचा खरेपणा कळतोच असे नाही. १९५२ साली जन्मलेल्या वृद्धेच्या नावापुढे १९६२ असे लिहिले गेले, तर त्या तारखेत यंत्रास काहीच वावगे दिसणार नाही. मात्र वयावर अवलंबून असलेले निवृत्तिवेतन मागताना तिला दहा वर्षांचा हिशेब द्यावा लागेल. म्हणून चोख तपासणीइतकीच दुरुस्तीची सुलभ वाटही आवश्यक ठरते.