किनारा न दिसणारे दिवस

साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला जाण्यास, २००४ साली सेवेत आलेल्या ‘क्वीन मेरी २’ या जहाजाला सामान्यतः ७ रात्री लागतात. मधे बंदर नाही. अशा प्रवासात धास्ती वाटते ती वादळाची नव्हे, रिकाम्या दिवसांची. त्यातच दोन्ही शहरांच्या वेळेत एरवी ५ तासांचे अंतर असल्याने, पश्चिमेकडे जाताना ५ रात्री घड्याळ एकेक तास मागे घेतात. म्हणजे आधीच न सरणारा दिवस २५ तासांचा होतो! विमानाने जाणाऱ्यास हेच ५ तास एकदम सोसावे लागतात, ही गोष्ट निराळी.

जहाजावर ग्रंथालय आहे, तारांगणही आहे. परंतु जाणता प्रवासी पहिल्याच दिवशी सारे उरकून टाकीत नाही. तो नेमाने डेकवर फेऱ्या घालतो आणि दुपारी बारा वाजता जहाजाचे स्थान ऐकून नकाशावर खूण करतो. एरवी पाण्याकडे पाहून वाट सरली हे उमगावे कसे?

न्यूफाउंडलंडच्या आसपास थंड लॅब्राडॉर प्रवाह व उबदार गल्फ स्ट्रीम एकत्र येतात, तेथे पुष्कळदा दाट धुके पडते. मग नियमानुसार निदान दर २ मिनिटांनी लांब भोंगा वाजू लागतो, डेकवरील खुर्च्या ओस पडतात आणि ग्रंथालयात खिडकीजवळची जागा मिळणे कठीण होते.