दक्षिणेतील पातशाह्यांचे सख्य व त्याची परिभाषा

पाचाड हे महाडहून रायगडाकडे जाणाऱ्या वाटेवरील, गडाच्या पायथ्याचे गाव. जिजाबाईंचा वाडा व त्यांची समाधी येथे असल्यामुळे ते महाराष्ट्रात सर्वांस ठाऊक आहे. राज्याभिषेकानंतर थोड्याच दिवसांनी, १७ जून १६७४ रोजी, त्यांचे येथेच देहावसान झाले. त्यापूर्वीच्या मे महिन्यात इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन मुंबईहून येथे आला, तेव्हा शिवाजीमहाराज प्रतापगडी भवानीच्या दर्शनास गेलेले होते. ते परत येईपर्यंत त्याला पाचाडासच मुक्काम करावा लागला. गडावर राजसभा आणि पायथ्याशी तिष्ठणारा वकील, हे दृश्य त्या काळच्या राजकारणात नित्याचे होते.

अशा वकिलास मराठी कागदपत्रांत 'हेजीब' असेही म्हटलेले आढळते. मूळ अरबी 'हाजिब' म्हणजे द्वारपाल, पडदा धरणारा. धन्याच्या दारी उभे राहून इतरांस अडविणे हे त्याचे काम. दक्षिणेत मात्र तोच शब्द दुसऱ्याच्या दारी जाऊन तिष्ठणाऱ्यास लागू झाला. हा अर्थपालट दक्षिणी दरबारांच्या परस्परव्यवहारातून घडला. हेजिबांची येजा ज्या राज्यांमध्ये अखंड चालू होती, त्या राज्यांचे सख्य कितपत टिकले, आणि टिकले नसल्यास का, हा ह्या लेखाचा विषय होय. एका धर्माची राज्ये एकत्र येतात ती कशाच्या बळावर, हा प्रश्न आजही जगापुढे आहे. त्याचा एक जुना व पुरा झालेला दाखला आपल्या दाराशी असताना त्याकडे सहसा कोणी पाहात नाही.

१३४७ मध्ये स्थापन झालेले बहमनी राज्य पंधराव्या शतकाच्या अखेरीस मोडकळीस आले आणि अहमदनगर, विजापूर, वऱ्हाड, बीदर व गोवळकोंडे अशा पाच पातशाह्या उभ्या राहिल्या. धर्म एक, दरबारी भाषा फारसी, मूळ सत्ता एक. तथापि एवढ्याने त्यांच्यात एकोपा झाला नाही. पंथ भिन्न होते, आणि एकाच घराण्यातही ते पालटत असत. त्याहून खोल भेद होता तो दक्षिणी व आफाकी यांचा. येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले मुसलमान व हबशी हे दक्षिणी; इराण-तुराणातून नव्याने आलेले ते आफाकी. ह्या दोन पक्षांचे वैर बहमनी काळापासून चालत आले होते, आणि प्रत्येक दरबारात ते वजिरी, जहागिरी व सैन्यातील मानापर्यंत पोचलेले होते.

ह्या राज्यांनी पुढील शतकात एकदा तरी मोठे सख्य जमविले, यात शंका नाही. विजयनगरचा रामराय त्यांना एकमेकांविरुद्ध खेळवीत असे. त्याचा जाच असह्य झाला तेव्हा हुसेन निजामशाहाने आपली कन्या चांदबिबी अली आदिलशाहास दिली आणि सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून दिला. आदिलशाहाची बहीण निजामशाहाच्या मुलास दिली गेली. मग विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडे व बीदर यांच्या फौजा एकत्र होऊन जानेवारी १५६५ मध्ये राक्षसतागडीची लढाई झाली. वऱ्हाडचा इमादशाह तीत सामील नव्हता. हे सख्य यशस्वी झाले याचे कारण ते एका कामापुरते होते. हेतू स्पष्ट, शत्रू एक, आणि सोयरिकीचे व किल्ल्याचे तारण आधीच ठेवलेले. काम संपताच सख्यही संपले. १५७४ मध्ये अहमदनगरने वऱ्हाड गिळले आणि १६१९ मध्ये विजापूरने बीदर.

१५७० मधील दुसरा प्रयत्न रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्याशी निगडित आहे. पोर्तुगीजांचा समुद्रावरील अंमल मोडण्यासाठी अली आदिलशाहाने गोव्यास व मुर्तजा निजामशाहाने चौलास वेढा घातला. मलबारात कालिकतचा सामुरी ह्याच मसलतीत होता. सामुरी हिंदू, हे लक्षात घेण्याजोगे आहे. चौल व गोवा ही दोन्ही ठाणी तगली, आणि दोघा पातशाहांनी १५७१ मध्ये पोर्तुगीजांशी वेगवेगळे तह केले. त्या मसलतीत लाभ झाला तो एकट्या सामुरीचा. त्याने चालियमचा किल्ला घेतला. एकत्र लढावयाचे आणि तह मात्र ज्याचा त्याने करावयाचा, ही दक्षिणी सख्याची रूढ रीत होऊन बसली.

मोगलांचे आक्रमण सुरू झाल्यावर हे दौर्बल्य उघडे पडले. १५९५-९६ मध्ये चांदबिबीने अहमदनगर लढविले, परंतु वऱ्हाड देऊन तह करावा लागला. पुढील वर्षी विजापूर, गोवळकोंडे व अहमदनगर यांच्या फौजा सुहेलखानाच्या नेतृत्वाखाली गोदातीरी सोनपेठजवळ मोगलांशी लढल्या व पराभूत झाल्या. १६०० मध्ये अहमदनगर पडले. मलिक अंबरने निजामशाही पुनश्च उभी केली. त्याला प्रारंभी विजापूरचा आधार होता. पण १६२४ मध्ये भातवडीच्या रणांगणावर विजापूरची फौज मोगलांच्या बाजूस दिसते. १६३६ च्या तहाने तर विजापूरने निजामशाहीच्या मुलखातील वाटा घेतला व कोकणचा भागही त्यास मिळाला. त्याच साली गोवळकोंड्याच्या खुतब्यातील इराणच्या शाहाचे नाव काढून तेथे शाहजहानचे नाव घालणे कुतुबशाहास भाग पडले. धर्मबंधुत्वाची भाषा प्रत्येक पत्रात होती. मुलखाची वाटणी मात्र शेजाऱ्याच्या मृत्यूवर ठरत होती.

आता परिभाषेकडे वळू. सख्य व साहाय्य यांविषयीचे मराठीतील रोजचे शब्द तपासले तर एक गमतीची गोष्ट आढळते. 'मदत' हा शब्द अरबी 'मदद' यापासून आला, 'दोस्ती' फारसी, 'कुमक' तुर्की. 'कौल' म्हणजे अरबीत केवळ उच्चारलेला शब्द. मराठीत तो अभयवचन झाला. 'करार' म्हणजे मुळात स्थैर्य. 'फितूर' ह्या अरबी शब्दाचा मूळ अर्थ शैथिल्य. मराठीत त्याने द्रोहाचा अर्थ धारण केला, जणू सैल पडलेली निष्ठा हाच द्रोह होय, असे त्या काळच्या अनुभवाने ठरविले. मैत्रीचे आणि मैत्रीभंगाचे दोन्ही शब्द एकाच दरबारी ओघातून महाराष्ट्रात आले, आणि हा ओघ वरून खाली वाहात असताना खालूनही वर वाहात होता. फिरिश्त्याच्या सांगण्याप्रमाणे पहिल्या इब्राहिम आदिलशाहाने हिशेबाचे काम फारसीऐवजी 'हिंदवी'त आणले व ब्राह्मण कारकून नेमले. ही हिंदवी म्हणजे मराठी असे बहुतेक इतिहासकार मानतात.

'दक्षिणी' ह्या शब्दाचे भाग्य याहून निराळे. आरंभी तो दरबारातील एका पक्षाचे नाव होता. १६७७ मध्ये शिवाजीमहाराजांनी मालोजी घोरपडे यांस लिहिलेल्या पत्रात त्याला राजकीय सिद्धान्ताचे वजन आले. दक्षिणेची पातशाही दक्षिण्यांच्याच हाती राहावी, पठाणांच्या हाती जाऊ नये, असा त्या पत्राचा आशय आहे. त्या वेळी विजापुरात बहलोलखान पठाणाचे वर्चस्व होते. महाराजांनी भागानगरास जाऊन अबुल हसन कुतुबशाहाशी सख्य केले. त्या दरबारी मादण्णा व आकण्णा हे बंधू कारभारी होते आणि प्रल्हाद निराजी हे महाराजांचे वकील. ह्या सख्याचा पाया धर्म नव्हे, मुलूख होता. ह्याही सख्यास लोभाने ग्रासले, हे सांगणे प्राप्त आहे. कुतुबशाहाने द्रव्य व तोफखाना दिला; जिंजी, वेल्लोर हाती आल्यावर त्यातील वाटा त्यास मिळाला नाही. तरीही १६७९ मध्ये दिलीरखानाने विजापुरास वेढले तेव्हा सिद्दी मसूदने साहाय्य मागितले ते रायगडाकडेच, आणि ते गेलेही.

ह्याच सुमारास राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. फारसी-अरबी दरबारी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द देणारा हा दहा वर्गांचा कोश रघुनाथपंत हणमंते यांच्या नावाशी निगडित आहे. राज्याभिषेकाच्या वेळी मजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव झाला. परराज्यांशी व्यवहार पाहणाऱ्या डबिराचा सुमंत झाला. 'दबीर' म्हणजे फारसीत लेखनिक. गोवळकोंड्याच्या सख्यात ज्या रघुनाथपंतांचा हात होता असे बखरकार सांगतात, त्यांच्याच नावाशी ही शुद्धीही जोडलेली आहे. यात विसंगती पाहण्याचे कारण नाही. शब्द बदलणे हे स्वतंत्र सिंहासनाचे लक्षण. शेजाऱ्याशी सख्य हा त्या सिंहासनाचा व्यवहार. शब्द समान असले म्हणजे मने जुळतात हा समज जसा भ्रामक, तसाच शब्द तोडले म्हणजे संबंध तुटतात हाही. वि. का. राजवाडे यांनी निरनिराळ्या काळांतील पत्रांतील शब्द मोजून दाखविले आहे की, १६२८ मध्ये बहुसंख्य असलेले फारसी शब्द १६७७ मध्ये निम्म्याहून कमी होतात व १७२८ पर्यंत तुरळक उरतात. पण मदत, कुमक, करार हे राहिलेच.

१६८६ मध्ये विजापूर, १६८७ मध्ये गोवळकोंडे व १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेले. तीन स्थाने एकापाठोपाठ एक, आणि प्रत्येक वेळी पुढचा क्रम कोणाचा हे सर्वांस दिसत असताना.

आता आजच्या काळाकडे. जेरुसलेममधील अल्-अक्सा मशिदीस ऑगस्ट १९६९ मध्ये आग लावण्यात आली; त्यानंतर २५ सप्टेंबर रोजी राबात येथे मुस्लिम बहुसंख्य राष्ट्रांची परिषद भरली व तीमधून एक कायम संघटना निघाली. तिचे कार्यालय जेद्दा येथे असून सदस्यराष्ट्रे ५७ आहेत. राबात येथे भारताचे शिष्टमंडळ बोलाविले गेले, आणि पाकिस्तानच्या आक्षेपावरून वगळले गेले. २०१९ मध्ये अबू धाबी येथे मात्र भारताच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज सन्माननीय पाहुण्या होत्या. २०११ मध्ये संघटनेच्या नावातील 'परिषद' जाऊन 'सहकार्य' आले. हे सहकार्य सदस्य आपापल्या भाषेत कसे म्हणतात ते पाहण्यासारखे आहे. अरबी व उर्दूत 'तआवुन'. फारसीत 'हमकारी', यातील 'हम' हा संस्कृत 'सम'चा व 'कार' हा 'कृ' धातूचा सगोत्र. तुर्कीत 'कामाची एकी' अशा अर्थाचा स्वतःचा शब्द आहे. बंगालीत 'सहयोगिता'. मलायीत 'केर्जा सामा'. 'केर्जा' म्हणजे 'कार्य', 'सामा' म्हणजे 'सम'. सर्वांत मोठी लोकसंख्या असलेल्या इंडोनेशियाने सहकार्यास जो शब्द वापरला तो अवयवशः मराठी वाचकास कळतो. संघटनेच्या अधिकृत भाषा मात्र अरबी, इंग्रजी व फ्रेंच.

दक्षिणेत जी दुखणी होती ती येथेही अपरिचित नाहीत. इराक व इराण हे दोन्ही सदस्य १९८० ते १९८८ एकमेकांशी लढले. सौदी अरेबिया व इराण यांचे तुटलेले संबंध मार्च २०२३ मध्ये जुळले ते जेद्द्यात नव्हे, बीजिंगमध्ये. उलटपक्षी, इस्लामी विकास बँक १९७५ पासून काम करीत आहे. ती टिकली, कारण तिचे काम मर्यादित व हिशेबाचे आहे. कर्जाची रक्कम, मुदत व तारण ठरलेले असते, आणि सोलापूरच्या किल्ल्याची आठवण येथे होते.

महाड, माणगाव ह्या तालुक्यांतील कोकणी मुसलमान कुटुंबांना ह्या गोष्टी दूरच्या वाटत नाहीत. घरी मराठीची कोकणातील बोली बोलणारी ही माणसे कित्येक वर्षे आखाती देशांत रोजगारास जात आहेत. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळला, तेव्हा दोन्ही राष्ट्रे ह्याच संघटनेची सदस्य होती. कुवेतमध्ये अडकलेले सुमारे पावणेदोन लाख भारतीय जॉर्डनमधील अम्मानमार्गे परत आले. त्यांना आणण्यासाठी एअर इंडियाची विमाने महिनाभराहून अधिक काळ अम्मानला जात-येत होती.