मोटारीवरील कोळ्याचे जाळे

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या काकांची काळी मोटार रोज लख्ख ठेवण्याची कामगिरी आम्ही आपण होऊन अंगावर घेतली. काकांनी ती निवृत्तीच्या रकमेतून घेतलेली. तिच्यावर त्यांचा भारी जीव. आम्ही रोज सकाळी फडके घ्यावे, रात्रभर बसलेली धूळ कोरडीच खसाखसा पुसावी आणि कृतकृत्य होऊन पोह्यांच्या बशीकडे वळावे, असा क्रम आठ दिवस चालला. नवव्या दिवशी रात्री पेट्रोल पंपावरील दिव्याखाली मोटार उभी राहिली, तेव्हा बॉनेटवर दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती शेकडो बारीक, गोल गोल रेघा चमकताना दिसल्या. जणू एखाद्या कोळ्याने जाळे विणून ठेवले होते! काका काहीच बोलले नाहीत, आणि त्यांचे ते न बोलणेच आम्हांस अधिक लागले. दुसऱ्या दिवशी एका रंगाऱ्याने बॉनेट नव्याने रंगवावे लागेल असे सांगितले, तेव्हा तर आमचे धाबेच दणाणले. तो खर्च टळला कसा, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम त्या जाळ्याचे कोडे. आम्ही फडके गोल गोल फिरविले म्हणून रेघा गोल उमटल्या, असे कोणासही वाटेल. पण तसे नाही. घरातील घासून घासून जुने झालेले स्टीलचे ताट एका दिव्याखाली धरून पाहा. तेथेही दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती वर्तुळे दिसतील, आणि ताट सरकविले की वर्तुळेही सरकतील! खरे पाहता रेघा सर्व दिशांनी पडलेल्या असतात. त्यांपैकी ज्या प्रकाशाच्या वाटेला आडव्या असतात, त्याच प्रकाश आपल्या डोळ्यांकडे परतवितात. बाकीच्या अंधारात राहतात. त्या आडव्या रेघांची मिळून वर्तुळे भासतात. सावलीत हे जाळे दिसत नाही, म्हणून दोष कित्येक महिने लक्षातच येत नाही.

या रेघा पडतात धुळीमुळे. धुळीतील वाळूचे कण गारेचे असतात आणि गार पोलादावरही ओरखडा काढू शकते. मग रंगाची काय कथा! माळव्याची काळी माती पावसात चाकांबरोबर उडून वाळली की तिच्यातही असे खडे दडलेले असतातच. कोरड्या फडक्याखाली हे कण सापडले की फडके कसले, ती पॉलिश-कागदाची धाकटी बहीणच होय.

आता रंगाची रचना पाहू. आजच्या मोटारीच्या पत्र्यावर आधी गंजरोधक थर, मग अस्तर, मग रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लाखेसारखा थर असतो. या शेवटच्या थरास कारागीर ‘क्लिअर कोट’ म्हणतात. तो साधारणतः 35 ते 50 मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे वहीच्या कागदाहूनही पातळ. आमचे जाळे याच थराच्या पृष्ठभागावर होते. खालच्या रंगास धक्काही लागला नव्हता. पूर्वी असा वेगळा थर नसे. 1924 च्या सुमारास अमेरिकेत ओकलंड मोटारींवर ‘ड्यूको’ नावाचा लवकर वाळणारा रंग आला, आणि आपल्याकडील रंगारी आजही मोटारीच्या रंगकामास ‘ड्यूको’ म्हणतात ते त्याचेच नाव. तो रंग फवारल्यावर घासूनच चकाकी आणावी लागे. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांची केशरी व काळ्या रंगाची ड्युसेनबर्ग मोटार जगभरच्या शौकिनांना ठाऊक आहे. तिच्या काळातील मोटारींना पॉलिश केले की फडक्यावर रंगच उतरावयाचा. रबिंग कंपाउंडचा जाडाभरडा लेप चोळण्याची सवय त्या जमान्यातील आहे. आजच्या पातळ थरावर नवशिक्याने तिच्या वाटेस न जाणे बरे.

येथे एक मर्म ध्यानात घ्यावयाचे. पॉलिशने रेघ भरून येत नाही. रेघेच्या आजूबाजूचा उंचवटा झिजवून तिच्या तळाशी आणला जातो. आजी चांदीची भांडी रांगोळीने घासते, तोच हा न्याय. म्हणून प्रत्येक पॉलिशबरोबर मायक्रॉन-दोन मायक्रॉन जाडी खर्ची पडते, आणि ती परत मिळत नाही. काही मेण-पॉलिशे रेघा नुसत्या बुजवितात. दोन-चार धुण्यांत जाळे पुन्हा हजर!

आम्ही मोटार सावलीत, पत्रा गार असताना धुतली. एका बादलीत मोटारीचा शांपू आणि दुसरीत निव्वळ पाणी घेतले. मऊ हातमोजा प्रत्येक वेळी दुसऱ्या बादलीत खळबळून मगच शांपूत बुडविला. भांड्यांची पावडर वर्ज्य. धुतल्यावरही हाताला खरखर लागत होती, ती शांपूचे पाणी शिंपडून मोटारीसाठीच मिळणाऱ्या विशिष्ट मातीच्या गोळ्याने अलगद काढली. मग नख फिरवून पाहिले. नख अडकले तर ओरखडा खोल समजावा आणि त्याच्या नादी लागू नये. कडा व कोपरे यांवर थर फार पातळ असतो, म्हणून तेथे चिकटपट्टी लावली.

संपूर्ण बॉनेटवर तुटून पडण्याचा मोह आवरून आम्ही आधी वीतभर जागाच निवडली. मऊ स्पंजावर सर्वांत बारीक पॉलिशचे तीन-चार थेंब घेऊन हलक्या हाताने आडवे, मग उभे फिरविले. मिनिटा-दोन मिनिटांनी स्वच्छ मायक्रोफायबर फडक्याने पुसले. पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपाइल अल्कोहोलने तेलकटपणा काढून टॉर्च धरला. असे केल्यावाचून रेघ गेली की नुसती बुजली, हे कळत नाही. जाळे बरेचसे विरले होते! तेव्हा कोठे दोन-दोन फुटांचे तुकडे पाडून पुढे सरकलो. एका बॉनेटला सबंध सकाळ लागली आणि खांदे दोन दिवस ठणकत राहिले. यंत्राने हेच काम लवकर होते. पण नवशिक्याचे यंत्र थरही तितक्याच लवकर खाते, म्हणून आम्ही हातावरच भागविले. शेवटी मेणाचा पातळ हात दिला.

काकांनी त्याच पंपावर मोटार मुद्दाम दिव्याखाली उभी केली, वाकून पाहिले आणि किल्ली आमच्या हाती देऊन हवा भरावयास पिटाळले. कोरडे फडके आता गॅरेजात चाके पुसावयासही मिळत नाही. डाव्या दारावरील एक ओरखडा मात्र नखाला लागतो. तो आहे तसाच ठेविला आहे.