मोरे ईलची ओळख : गैरसमज आणि वस्तुस्थिती

म्युरिनिडी कुलातील माशांना मोरे ईल म्हणतात. उष्ण आणि समशीतोष्ण समुद्रांत त्यांच्या सुमारे २०० जाती ज्ञात आहेत आणि त्यांतील बऱ्याच जातींचे बाह्यरूप एकमेकींशी इतके जुळते, की केवळ रंग पाहून केलेली ओळख वारंवार चुकते. रंग निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. मात्र तो शरीराच्या कोणत्या भागावर पाहायचा आणि त्याच्या जोडीला कोणती अवयवलक्षणे तपासायची, हे ठाऊक असावे लागते.

मुळात मोरे ईल हा समुद्रसापाचा प्रकार असल्याची समजूत चुकीची आहे. समुद्रसाप हा खवले असलेला, फुप्फुसांनी श्वास घेणारा आणि वल्ह्यासारखे चपटे शेपूट असलेला सरीसृप होय. मोरे ईल हा मासा असून त्याच्या खवलेरहित त्वचेवर श्लेष्माचा, म्हणजे बुळबुळीत स्रावाचा थर असतो आणि डोक्यामागे दोन्ही बाजूंना कल्ल्याचे एकेक लहान गोलसर छिद्र असते. कोकणच्या बाजारात वाम म्हणून विकला जाणारा लांबट मासाही मोरे नव्हे. वामीच्या कल्ल्यामागे वक्षपरांची जोडी, म्हणजे छातीजवळचे दोन पर, स्पष्ट दिसते. मोरे ईलला वक्षपर नसतातच.

अधिक चिवट गैरसमज कल्ल्याच्या छिद्राभोवतीच्या काळ्या डागाविषयी आहे. हिंदी व प्रशांत महासागरांतील प्रवाळखडकांवर आढळणारा राक्षसी मोरे, म्हणजे जिम्नोथोरॅक्स जावानिकस, या डागावरून ओळखावा असे सांगितले जाते आणि तेवढ्यापुरते ते खरेही आहे. परंतु त्याच प्रदेशातील जिम्नोथोरॅक्स फ्लाविमार्जिनाटस या जातीतही कल्ल्याचे छिद्र काळ्या डागातच असते, त्यामुळे केवळ या खुणेने दोहोंची निवड होऊ शकत नाही. निर्णायक फरक अन्यत्र आहे. जावानिकसच्या प्रौढाच्या तपकिरी अंगावर, विशेषतः डोक्याच्या मागील भागात, एकमेकांपासून सुटे ओळखू येणारे गडद ठिपके असतात. फ्लाविमार्जिनाटसच्या पिवळसर अंगावर गडद तपकिरी रंगाची दाट, बारीक आणि सरमिसळ चित्री असते, डोक्याचा पुढचा भाग जांभळट करडा दिसतो आणि परांची कडा शेपटीकडे पिवळट हिरवी होत जाते. ही कडा सर्वांत उपयोगी खूण आहे. पण मासा कपारीतून फक्त डोके बाहेर काढून बसत असल्याने नेमकी तीच छायाचित्रात येत नाही, आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

रंगनक्षी जातीगणिक ठरलेली आणि आयुष्यभर स्थिर असते, हेही खरे नाही. जिम्नोथोरॅक्स फावाजिनियस या जातीच्या अंगावर मधाच्या पोळ्यासारखी नक्षी असते, म्हणजे मोठे काळे डाग आणि त्यांना वेगळे करणाऱ्या फिकट रेषा. तथापि गढूळ पाण्यातील माशांत काळ्या रंगाचे प्रमाण अधिक असते आणि मोठे प्रौढ मासे जवळजवळ काळे दिसू शकतात. याहून बोलके उदाहरण रायनोम्युरिना क्वेसिटा या फितीसारख्या मोरेचे आहे. त्याची पिल्ले काळी, नर निळे आणि माद्या पिवळ्या असतात, कारण हा मासा आधी नर आणि नंतर मादी होतो. १८८८ मध्ये या जातीचे वर्णन झाल्यानंतर १९०८ मध्ये अंबोइनेन्सिस या नावाने दुसऱ्या जातीचे वर्णन झाले. आज ते नाव क्वेसिटाचेच पर्यायी नाव मानले जाते. तिन्ही अवस्थांत न बदलणारी खूण म्हणजे पुढच्या नाकपुड्यांच्या टोकांवरील पानासारखे पसरट पडदे.

नाकपुड्यांकडे सामान्यतः दुर्लक्ष होते, ते होऊ नये. मोरे ईलच्या पुढच्या नाकपुड्या नळीसारख्या असतात आणि मागच्या डोळ्यांच्या वरच्या बाजूस साध्या छिद्रांसारख्या; भूमध्य समुद्रातील म्युरिना हेलेना ज्या प्रजातीत मोडते, त्या म्युरिना प्रजातीत मात्र मागच्या नाकपुड्याही नळीसारख्या उंचावलेल्या असतात.

सर्व मोरे ईलना सुळ्यांसारखे दात असतात, हाही गैरसमजच. खेकड्यांसारख्या कवचधारी प्राण्यांवर जगणाऱ्या एकिडना आणि जिम्नोम्युरिना या प्रजातींचे दात बोथट, चुरडण्याजोगे असतात. एन्केलिकोरी प्रजातीतील जातींचे जबडे कमानदार असल्यामुळे तोंड मिटल्यावरही दात दिसतात. तोंडाची सतत होणारी उघडझाप हे आक्रमणाचे लक्षण समजले जाते. वास्तविक ती कल्ल्यांवरून पाणी खेळवण्यासाठी, म्हणजे श्वसनासाठी असते, आणि निरीक्षकाला तिचा लाभच होतो, कारण पांढऱ्या ठिपक्यांचा जिम्नोथोरॅक्स मेलिआग्रिस तोंडाच्या पांढऱ्या आतील भागावरून ओळखता येतो. घशातील जबड्यांच्या दुसऱ्या जोडीची २००७ मधील संशोधनापासून बरीच चर्चा झाली. मात्र ते कुलाचे सामाईक वैशिष्ट्य असल्याने जाती वेगळ्या करण्यास उपयोगी नाही.

आकाराबाबत एवढेच, की राक्षसी मोरे सुमारे ३ मीटर लांब आणि अतिशय जाड असला, तरी लांबीत स्ट्रोफिडॉन साथेटे त्याच्याही पुढे जातो. गंगेच्या मुखप्रदेशातून हॅमिल्टनने १८२२ मध्ये वर्णिलेल्या या सडपातळ माशाची जवळजवळ ४ मीटर लांबीची नोंद आहे. परांची सुरुवात कोठून होते, हे त्याहून भरवशाचे लक्षण होय : म्युरिनिनी उपकुलात पाठीवरचा पर बहुधा कल्ल्याच्या छिद्राच्या पुढेच सुरू होतो, तर युरोप्टेरिजिनी उपकुलात पर शेपटीच्या टोकापुरतेच मर्यादित असतात.

संग्रहालयातील नमुन्यांचे रंग द्रावणात फिके पडतात आणि वयानुसार दातांच्या ओळीही बदलतात, म्हणून अभ्यासक क्ष-किरण चित्रांवरून मणके मोजतात : पाठीवरच्या परापूर्वीचे, गुदपरापूर्वीचे आणि एकूण. अनेक नमुन्यांतील या तीन संख्यांच्या सरासरीला त्या जातीचे मणकासूत्र म्हणतात, आणि बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन जाती कित्येकदा त्यावरूनच वेगळ्या ठरतात. कपारीतल्या डोक्याच्या छायाचित्रावरून हे शक्य नसल्यामुळे अशी नोंद प्रजातीच्या नावापर्यंतच ठेवणे शास्त्रदृष्ट्या अधिक योग्य असते.